बाबांनी रंगवलेला चिंतामणी

मी लाइव्ह व्हिडिओचं काम करते. समारंभात मंचामागे मोठा पडदा असतो, त्यावर कधी काय दिसायचं ते सभागृहाच्या मागच्या अंधारात बसून सांभाळणारी माणसं असतात, त्यांतली मी एक. लालबागच्या आमच्या चाळीत "ती शूटिंग करते" एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनीही कधी त्याच्यापुढे विचारलं नव्हतं.

बाबा गिरणीत रंगखात्यात होते. शेड मिळवणं हे त्यांचं काम. गिऱ्हाइकाकडून आलेला बोटभर नमुना आणि टाकीतून काढलेला ओला-सुका तुकडा शेजारी शेजारी धरायचा आणि दोन्ही एक आहेत की नाहीत ते डोळ्यांनी सांगायचं. संप झाला तेव्हा मी तिसरीत होते. "महिन्याभरात मिटतला," असं ते आईला म्हणाल्याचं मला आठवतं. तो मिटला असं आम्हाला कोणी कधी येऊन सांगितलं नाही. गेट पुन्हा उघडलं तेव्हा आत घेतलेल्यांत बाबा नव्हते. पुढे त्यांनी दुकानांत, गोदामांत मिळेल ते केलं आणि शेवटी परळच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून बसले. आई गेली, त्यांची ती नोकरीही सुटली, आणि दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. सकाळी मी निघायचे तेव्हा ते गॅलरीत बसलेले असत, परत यायचे तेव्हाही तिथेच.

अशात एक काम आलं. जवळच्याच एका गिरणीच्या जागेवर टॉवर उभे राहिले होते, त्यांच्या उद्घाटनाचा सोहळा होता. दिग्दर्शक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड. त्याच्या डोक्यात एक प्रसंग होता. तीन जुने गिरणी कामगार मंचावरून चालत येतील, प्रत्येकाच्या खांद्यावर वेगळ्या रंगाचं उपरणं असेल, आणि मागच्या पडद्यावर त्याच रंगाचा उजेडाचा एकेक धागा त्यांच्या मागोमाग सरकत जाईल. मंचाच्या मधोमध आले की तिघे वळून पडद्याकडे बघतील आणि तिन्ही धागे एकत्र विणले जातील.

"ताई, ॲक्टर नकोत मला. खरे कामगार पाहिजेत. तुमच्या ओळखीचे असतीलच ना कोणी?"

"आहेत," मी म्हटलं. त्याने पुढचं काही विचारायच्या आत म्हटलं. मला बाबांना त्या गॅलरीतून उठवायचं होतं.

बाबांनी आधी साफ नकार दिला. "ह्या वयात माका नाचवतस?" म्हणाले. मग मी जमिनीवर लॅपटॉप मांडला, त्याला छोटा कॅमेरा जोडला आणि माझं काम त्यांना समजावून सांगायला बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. आपण संगणकाला एक रंग दाखवायचा आणि सांगायचं, हा रंग जिथे जाईल तिथे माझं चित्र ने. पण नेमका एकच रंग सांगून भागत नाही. कापड हललं, त्यावर सावली पडली की रंग थोडा बदलतो. म्हणून रंगाचा एक पट्टा ठरवायचा, इथपासून इथपर्यंत. पट्टा अरुंद ठेवला तर माणूस जरा सावलीत गेला की हरवतो, आणि फार रुंद ठेवला तर भलतंच काही पकडलं जातं. पट्ट्यात बसणारा जो सगळ्यात मोठा ठिपका दिसेल तोच आपला माणूस, असं संगणक धरून चालतो. सगळी करामत त्या पट्ट्याची.

बाबा ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "थंय उजेड कसलो आसा?"

"एलईडी दिवे. पांढरे, थोडे निळसर."

"मधीच बदलतत?"

"आपल्या प्रसंगात स्थिर ठेवायला सांगितलंय."

"आणि तुझो कॅमेरो? तो आपल्या मनान काय करता?"

"करतो. उजेड बघून स्वतःच रंग सुधारायला जातो. म्हणून त्याचं आपोआप चालणारं सगळं मी आधीच बंद करून ठेवते."

बाबा हसले. रंगखात्यात उत्तरेकडची एक खिडकी होती, म्हणाले. शेड बघायची ती त्याच खिडकीपाशी. साहेब असो नाहीतर मालक, दुसरीकडे धरून "जुळली" म्हणालेलं चालत नसे. "रंग एकटो नसता गो. उजेडाबरोबर येता."

त्या दिवसापासून बाबा कामाला लागले. दिग्दर्शकाने सॅटिनची तयार उपरणी पाठवली होती, ती त्यांनी हातात धरताच बाजूला टाकली. चमकणाऱ्या कापडावर दिवा पडला की तेवढा भाग पांढरा दिसतो, कॅमेऱ्याला तिथे रंगच मिळत नाही. हे मला अनुभवाने कळायला दोन वर्षं लागली होती, त्यांनी दोन बोटांत कापड चोळून सांगितलं. साधा मांजरपाट आणायला लावला. लाल, केशरी, पिवळा नको, असं मी म्हटलं, कारण माणसाचे हात आणि चेहरे कॅमेऱ्याला त्याच बाजूचे दिसतात. मग त्यांनी तीन रंग ठरवले. गुलबक्षी, पोपटी आणि निळा चिंतामणी. चिंतामणी ते स्वतः घेणार होते. आईच्या एका साडीचा रंग होता तो, पण हे त्यांनी सांगितलं नाही, मलाच आठवलं.

कापड उकळून त्यातली खळ काढली. मीठ, धुण्याचा सोडा, दादरहून आणलेल्या रंगाच्या पुड्या. मोरीत स्टोव्ह पेटवून त्यावर आईचं जेवणावळीचं पातेलं चढवलं. बाबा लाकडी दांड्याने कापड ढवळत उभे, घामाने भिजलेले, हात कोपरापर्यंत निळे. शेजारचे काका दाराशी स्टूल टाकून बसत. ते साचेखात्यातले, म्हणजे मागांवरचे, बाबांच्याच गिरणीतले. पोपटी उपरणं त्यांच्या खांद्यावर येणार होतं, आणि गुलबक्षी त्यांच्याच खात्यातल्या एका दोस्ताच्या. "खाल्लास काय गो?" असं बाबांनी मला त्या दिवसांत विचारलं नाही, कारण त्यांना स्वतःलाच जेवणाची आठवण राहत नव्हती. मी खोलीत पाऊल टाकताच ते ओले तुकडे माझ्या कॅमेऱ्यासमोर धरत. "बघ. काय म्हणता तुझो संगणक?"

तिन्ही उपरणी उत्तम उतरली होती. पट्टे इतके अरुंद ठेवता आले की मी तसे कधीच ठेवले नव्हते.

मग दिग्दर्शकाचा फोन आला. उपरणी लांब पाहिजेत, जमिनीवर लोळली पाहिजेत, "लूक" येतो त्याने. म्हणजे प्रत्येक रंगाचा आणखी एकेक तुकडा रंगवून जोडायचा. बाबा खूशच झाले. गुलबक्षी आणि पोपटी त्याच दिवशी झाले. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा चिंतामणीचा नवा तुकडा गॅलरीतल्या दोरीवर जुन्याशेजारी वाळत होता. चारचं स्वच्छ ऊन पडलं होतं.

"बघ," बाबा म्हणाले. "अगदी एक. टाकी बदलली तरी शेड हलली नाय."

जुना तुकडा चिंतामणी होता. नवा मोरपंखी होता. फरक बारीकसारीक नव्हता, शाळेतल्या पोराने सांगितला असता इतका होता. पुडी टाकताना पिवळा जास्त पडला असणार. बाबा दोन्ही पदर डोळ्यांजवळ नेऊन निरखत होते आणि त्यांच्या तोंडावर समाधान होतं. काका तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या नळाकडे पाहायला लागले.

"जुळलाय ना?" बाबांनी विचारलं.

"जुळलाय," मी म्हटलं.

त्या क्षणी दुसरं काही बोलता आलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पुडी चुकली म्हणता आलं असतं, परत रंगवू म्हणता आलं असतं. पण त्यांनी पुन्हा रंगवलं असतं आणि पुन्हा तेच विचारलं असतं. मी दोन्ही तुकडे कॅमेऱ्यासमोर धरले. संगणकावर दोन रंगांचे दोन ढीग दिसले, एकमेकांपासून लांब. त्या दोहोंना कवेत घेईल इतका पट्टा मी रुंद केला. त्याला दोन सेकंद लागले. मग बाबांनी सुईदोरा घेऊन दोन्ही तुकडे जोडले. सुईत दोरा मी ओवून दिला.

खोलीत चाचणी घेतली. कामावरून मागून आणलेला लहान प्रोजेक्टर फळीवर ठेवला, भिंतीवर निळा धागा उमटला. बाबा उपरणं घेऊन पलंगापासून कपाटापर्यंत गेले, वळले, परत आले. धागा त्यांच्या मागे मागे. ते थांबले की थांबला. त्यांनी मुद्दाम एकदम बसकण मारली, धागाही खाली आला. ते इतके हसले की काकांनी आत येऊन काय झालं म्हणून विचारलं.

सभागृहातली रंगीत तालीमही व्यवस्थित पार पडली. आत शिरताना बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "ही आमची गिरणी नव्हे," एवढंच म्हणाले. दिग्दर्शक त्यांच्या पाया पडला.

सोहळ्याच्या संध्याकाळी मी माझ्या टेबलाशी बसले, कॅमेरा नीट लावून घेतला आणि मंचाकडे पाहिलं. मंचाच्या दोन्ही कडांना पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी सहा मुली येऊन उभ्या राहत होत्या. तालमीला त्या नव्हत्या. सगळ्यांच्या अंगावर सारख्या साड्या. मोरपंखी.

मी हेडफोनवरून दिग्दर्शकाला म्हटलं, "त्या मुलींना मंचावरून खाली घे. माझा धागा त्यांच्यावर जाईल."

"ताई, क्लायंटने सांगितलंय तसं. तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"मग निदान मध्ये येऊ देऊ नकोस."

"नाही येणार. प्रॉमिस."

मी कॅमेऱ्याच्या चित्रात दोन्ही कडा झाकून टाकल्या. तेवढ्या भागातलं संगणकाने काही बघायचंच नाही, अशी सोय असते. माझ्या हातात तेवढंच होतं.

प्रसंग सुरू झाला. आधी गुलबक्षी आला, मग पोपटी, आणि मग बाबा. पांढरा सदरा, पांढरं धोतर. धोतर त्यांनी काकांकडून मागून नेसलं होतं. उपरणं मागे लोळत होतं आणि त्यांचा निळा धागा पडद्यावर त्यांच्या चालीने चालला होता. सभागृह शांत झालं. मी खुर्चीत मागे टेकले.

तिघे मधोमध पोहोचले आणि कोणीतरी खूण केली. पुष्पगुच्छ घेऊन तीन मुली पुढे झाल्या. झाकलेल्या कडेतून त्या बाहेर आल्या आणि बाबांचा धागा तुटून एकीच्या साडीवर गेला. साडी उपरण्यापेक्षा मोठी होती. संगणकाचं काही चुकलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे तिघे पडद्याकडे वळले. बाबांनी आपला धागा शोधला. तो दोन हात लांब, त्या मुलीपाशी थरथरत होता. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी वर धरलं आणि हलवलं. मी पट्टा अरुंद केला, फक्त चिंतामणी. धागा क्षणभर त्यांच्याकडे आला. तेवढ्यात कापड फिरलं, दुसरा तुकडा पुढे आला, आणि पडद्यावरून धागा नाहीसा झाला. पट्टा परत रुंद केला. धागा मुलीवर. बाबा आणखी जोरात हलवायला लागले, टाचा उचलून, कोणाला तरी लांबून हाक मारावी तसे. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पुढच्या रांगेतून हसू आलं आणि मग टाळ्या.

"कट कर," कानात आवाज आला. "ताई, कट. लोगो टाक."

मी लोगो टाकला. माझ्या हाताने. पडद्यावर टॉवरचं नाव फिरायला लागलं आणि बाबा त्याच्यासमोर उपरणं वर धरून उभे होते. काकांनी त्यांचा दंड धरून त्यांना विंगेत नेलं.

परत येताना टॅक्सीत बाबांच्या मांडीवर घडी केलेलं उपरणं होतं आणि त्यावर पुष्पगुच्छ.

सकाळी उठले तर बाबा मोरीत बसले होते. बादलीत उपरणं बुडवलेलं होतं. त्यांनी तांब्यात थोडं पाणी घेतलं, दाराच्या उजेडात नेलं.

"रंग सुटत नाय," ते म्हणाले. "बसलो आसा बरोबर. मग काय झाला?"

"तुमचा रंग नव्हता चुकला. माझी चूक झाली. मी पट्टा रुंद ठेवला होता, म्हणून मुलींच्या साड्या पकडल्या गेल्या."

"साडये खंयच्या रंगाचे होते?"

"मोरपंखी."

पुढचा प्रश्न ते विचारणार हे मला कळलं होतं.

"ह्यां चिंतामणी, तां मोरपंखी. मधी केवढो फरक आसा. पट्टो इतको रुंद कित्याक ठेवलंस?"

बाहेर नळावर भांड्यांचा आवाज चालला होता. बाबांनी बादलीतून उपरणं काढलं, पिळलं, आणि बोटांनी चाचपत शिवण शोधली. शिवणीच्या एका बाजूकडे पाहिलं, मग दुसऱ्या.

"ह्या बाजूक काय आसा?"

"मोरपंखी, बाबा."

"तुका कधीपासून म्हायत?"

"गॅलरीत वाळत घातलंत तेव्हापासून."

"आणि त्येका?" त्यांनी काकांच्या भिंतीकडे मान केली.

"काकांनाही."

"म्हंजे सगळ्यांका दिसला," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. उपरणं त्यांनी बादलीच्या कडेवर ठेवलं आणि ते जाऊन गॅलरीत बसले.

त्याच आठवड्यात मी त्यांना परळच्या इस्पितळात डोळे दाखवायला नेलं. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. हळूहळू चोरपावलाने येतो, माणसाला कळत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नसते, थेंबांनी फार तर उरलेली टिकवता येईल. "आजोबा, निळा-हिरवा ओळखायला त्रास कधीपासून होतोय?"

मला वाटलं बाबा म्हणतील, परवापासून.

"झाली बरीच वर्सां," ते म्हणाले. साडीच्या दुकानात असताना एक बाई ब्लाउजपीस परत घेऊन आली होती. मग दुसरी आली. तिसरी यायच्या आत त्यांनी स्वतःच ती नोकरी सोडली होती आणि वॉचमनच्या कामाला लागले होते, कारण तिथे रंग ओळखावा लागत नाही. आम्हाला त्यांनी सांगितलं होतं की दुकान बंद झालं. मला वाटत आलं होतं की मी त्यांना सांभाळून घेतेय. मोरीत त्या पातेल्यापुढे उभे असताना त्यांना काय वाटत असेल, सगळं परत आलं असं, की यावेळी तरी जमेल असं, हे मी विचारलं नाही. विचारायची माझी लायकी उरली नव्हती.

सोहळ्याचा व्हिडिओ दिग्दर्शकाने पाठवला. त्यात तिघांचा प्रसंग नव्हता. पुढच्या कामाला त्याने मला परत बोलावलं आणि मी गेले. आता नवीन यंत्रणा आल्या आहेत, माणसाचं शरीर थेट ओळखतात, कापड-रंग काही लागत नाही. मी त्याही शिकून घेतल्या. घरी त्याबद्दल बोलत नाही.

दर सहा महिन्यांनी बाबांची नजर तपासायला नेते. एका यंत्रात डोकं टेकवून बसायचं. आत कुठेतरी बारीक उजेड चमकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. मागच्या खेपेला मी दाराबाहेर बाकावर बसले होते. आतून बटणाचा आवाज येत होता, टक, टक, टक, एका ठरावीक चालीत. मग तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, दिसला की मगच दाबायचं. तुम्ही उजेड नसतानाही दाबताय. मशीन मानत नाही असं."

"बरां," बाबा म्हणाले.

तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. मी कान देऊन बसले. बराच वेळ आतून एकही आवाज आला नाही.